मनगटावरचे एकवीस दिवस

३ ऑक्टोबर, मंगळवार

या पट्ट्याविरुद्ध मी येथे रीतसर तक्रार नोंदवत आहे. करकरतो! चामडं नवं आहे, मान्य. पण कागद दाबून धरायला डावा हात टेकला की कर्र, उचलला की कर्र. माझ्या प्रत्येक वाक्यावर कोणी शेरा मारत बसल्यासारखं वाटतं. 'आपले कृपापत्र पावले' — कर्र. 'विलंबाबद्दल दिलगीर आहोत' — कर्र, जरा जोरातच.

वहिनींकडे दाद मागितली. "भावजी, तेल लावू का थोडं?" म्हणाल्या. पट्ट्याला की मला, ते त्यांनी मोघम ठेवलं.

तर आजपासून एकवीस दिवस हे मनगट माझं नाही, मंडळाचं. ही बारावी खेप. घड्याळ खरोखर हाताने घडवलंय का, हे मंडळ ठरवतं. प्रत्येक भाग, अगदी कुणाला कधी दिसणार नाही ती बाजूसुद्धा, भिंगाखाली घालून बघतात. ती परीक्षा गेल्या महिन्यात पार पडली. आता उरली शेवटची: एकवीस दिवस माणसाच्या मनगटावर. घडवणाऱ्याने घालायचं नाही, हा नियम. म्हणजे दादा बाद, झिलईचं काम करणाऱ्या वहिनी बाद. खालच्या कारखान्यात तिसरं माणूस कोण? पत्रं लिहिणारा मी! शाळेने संस्कृत बंद केलं तेव्हा पस्तिशीत दादाने मला इथे आणलं. पत्रव्यवहारासाठी आणलं असं तो सांगतो. मला वाटतं, मनगटासाठी.

आधीची अकरा घड्याळं चावीची होती. सकाळी चावी द्यायची की दिवस निभावला. हे आपलं आपण चावी घेणारं, दादाचं पहिलंच. यंत्राच्या पाठीवर सोन्याचं अर्धगोल वजन आहे. हात हलला की ते झुलतं, ते झुललं की स्प्रिंग भरते. त्याला मी 'अर्धचंद्र' म्हणायला लागलो तर दादा म्हणाला, "गिऱ्हाईकाला पत्रात तसलं काही लिहू नकोस, गचांडी दिल्यासारखं वाटतं." साडेतीन वर्षं लागली त्याला. इतकी आधीच्या कुठल्याच घड्याळाला लागली नव्हती. चावीचं तो दीड वर्षात करतो.

परीक्षक बाई सकाळी आल्या. दादाने शेवटची चावी भरली आणि बाईंनी चावीवर लाखेचा ठिपका दिला. "आता हे तुमच्या हालचालीवर चाललं पाहिजे. एकदा थांबलं तर माफ. दुसऱ्यांदा थांबलं तर अर्ज रद्द, आणि तीन वर्षं पुन्हा अर्ज नाही."

मग माझी शपथ. नेहमीसारखा वावरेन, मुद्दाम हात हलवणार नाही. माझ्या आळसाला शासकीय मान्यता मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग.

४ ऑक्टोबर, बुधवार

दोन सेकंद पुढे. साठ्याचा काटा पाऊण. (तबकडीवर एक चिमुकला काटा आहे, स्प्रिंगमध्ये किती दम उरलाय ते दाखवतो. पूर्ण भरली की पन्नास तास.) पट्टा करकरतोच आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी वहिनींच्या टेबलाशी बसलो. त्यांची जागा खिडकीशी, उत्तरेच्या उजेडात. जस्ताचा एक गुळगुळीत चौकोन, त्यावर हिऱ्याच्या भुकटीचा लेप, आणि बोटाच्या पेराखाली पोलादाचा तिळाएवढा तुकडा. गोल गोल, गोल गोल. तिरक्या नजरेने पाहिलं तर तो तुकडा काजळासारखा काळा, समोरून पाहिलं तर लख्ख पांढरा. मधला करडेपणा दिसला म्हणजे काम अर्धवट राहिलं. एका स्क्रूच्या डोक्याला एक सकाळ जाते.

त्या सोन्याच्या वजनाची आतली बाजू त्यांनी दोन महिने घासली होती. ती बाजू यंत्राकडे तोंड करून असते. गिऱ्हाईक सोडाच, उद्या कोणी घड्याळ दुरुस्तीला उघडलं तरच तिचं दर्शन.

मी विचारलं, "वहिनी, हे बघणार कोण?"

"मी बघितलं ना," म्हणाल्या. मान वर न करता.

एवढ्या दोन-तीन शब्दांवर मी जुन्या शाळेत महिनाभर शिकवलं असतं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

एक सेकंद मागे. काटा अर्ध्यावर.

टपालवाला मनगट पाहून म्हणाला, "मास्तर, ह्याच्या किमतीत माझी सायकल किती वेळा येईल?" मी म्हटलं, सायकलींचं दुकान येईल. तेव्हापासून माझ्या डाव्या बाजूने चालत नाही — धक्का लागेल म्हणून!

७ ऑक्टोबर, शनिवार

नऊ सेकंद मागे. काटा पाव. दादाने माझा हात उजेडात धरून तबकडी पाहिली. कपाळावर ठेवलेलं भिंग दिवसभर तिथेच विसरला आणि मग तेच शोधत बसला.

८ ऑक्टोबर, रविवार

थांबलं.

सकाळी दाढी करताना बघितलं. पाच वाजून अकरा मिनिटं. बाहेर साडेसात. कानाशी धरलं तर काहीच नाही. वीस वर्षांत माझ्या हातावर एकही घड्याळ थांबलेलं नव्हतं.

खाली जाऊन सांगितलं. दादा चहा पीत होता. त्याने कप ठेवला आणि हात पुढे केला, घड्याळासाठी नाही, माझ्या खांद्यावर. "होतं असं. माफ आहे एकदा." मग कप उचलला तो रिकामाच.

९ ऑक्टोबर, सोमवार

मंडळाला पत्र. परीक्षकांच्या समक्ष घड्याळ उघडण्याची परवानगी मिळावी, वगैरे. दादाने नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. वीस वर्षं अशीच करतोय. मी कधीतरी त्याच्या नावाने हत्ती मागवणार आहे.

सही करता करता विचारलं, "पंडित, तू दिवसभर हलतोस ना रे?"

"श्वास घेतो."

"मी गंभीरपणे विचारतोय."

"मीही. गेल्या आठवड्यात दोनदा टपालकचेरीत गेलो, एकदा वाचनालयात, एकदा न्हाव्याकडे. चालतच."

"मग पुरे आहे," म्हणाला. "अर्ध्या तासाचं चालणं झालं की दिवसाचं भागायला हवं. मी हिशेब करून वजन ठरवलंय." आणि त्याचा चेहरा पडला. म्हणजे चूक हिशेबात असणार, असं त्याला वाटलं.

११ ऑक्टोबर, बुधवार

बाई आल्या. लाख फोडली. दादाने उघडलं. मी आणि वहिनी दाराशी, शस्त्रक्रियेबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे.

दोष नाही. वजनावर नुसती फुंकर घातली तर झुलतं. दादाने सतरा वेळा फिरवलं. सतराही वेळा स्प्रिंग भरली. बाईंनीही भिंग लावलं. "मला तर काही दिसत नाही," म्हणाल्या, आणि ते त्यांना आवडलेलंही दिसत नव्हतं. पुन्हा चावी, पुन्हा लाख, पुन्हा माझं मनगट. दिवस पहिल्यापासून मोजायचे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

जे व्हायला नको होतं ते झालं.

दादा जेवताना म्हणाला, "लेपाचा एखादा कण वजनाच्या आसात राहिला असेल. हिऱ्याची भुकटी. उघडल्यावर निघून गेला, म्हणून दिसला नाही."

लेप कोण वापरतं? वहिनी.

वहिनींनी ताट सरकवलं. "मी तीनदा धुऊन देते प्रत्येक तुकडा. एकतीस वर्षं."

"तसं नाही म्हटलं मी —"

"कण म्हटलात."

तेव्हापासून अबोला. कारखाना एक खोली, वर घर चार खोल्या, त्यात अबोला पाळायचा म्हणजे कसरतच! साहजिकच सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. "भावजी, तुमच्या दादांना सांगा, पाणी तापलंय." दादा हाताच्या अंतरावर उभा. मी सांगतो. "तिला सांग, येतो." मी सांगतो. दोन्ही पक्षांच्या भाषेत थोडा गोडवा मिसळून पोहोचवतो. वहिनींच्या लक्षात आलं. "मी असं 'या हं' म्हटलं नव्हतं," म्हणाल्या. पण हसू दाबत म्हणाल्या.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

दादाच्या हुकमाने सकाळी तासभर चालणं, संध्याकाळी तासभर. शपथेत बसतं का? बाईंना फोन करून विचारलं. "चालणं नैसर्गिक आहे," म्हणाल्या. त्यांनी मला पाहिलेलं आहे, तरी!

काटा पाऊण.

१४ ऑक्टोबर, शनिवार

दोन तास चाललो. नदीकाठचा रस्ता, पूल, परत. पाय भरून आले. डाव्या पायाची चप्पल घासत असते, ती बदलायला हवी. काटा अर्ध्याच्या खाली!

दोन तास चालून साठा कमी होतो? जमा करतोय तेवढंच कुणी मागून काढून नेतंय की काय!

१६ ऑक्टोबर, सोमवार

काटा पावावर. दादाने निर्णय घेतला.

अतिशय शांतपणे बोलला. म्हणून घाबरलो. "वजन हलकं पडतंय. दीडपट जड करायला हवं. म्हणजे जाडी वाढणार. म्हणजे पाठीची पट्टी कापायची, पूल कापायचे, सगळे उतार पुन्हा घासायचे."

पूल म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. त्यांच्या कडा त्याने कानशीने उतरत्या केल्यात, केसाएवढ्या, आणि आतल्या कोपऱ्यात दोन उतार मिळतात तिथे सुईच्या टोकासारखी धार. कापणाऱ्या यंत्राला ती येत नाही. यंत्राचा कोपरा गोलच राहतो. असे चौदा कोपरे. एकेकाला पंधरा-पंधरा दिवस.

"दुसऱ्यांदा थांबायच्या आत आपणच अर्ज मागे घेऊ," म्हणाला. "लिही. घड्याळात दोष आहे, म्हणून लिही. मंडळाचं उत्तर आलं की लाख फोडतो आणि कापायला घेतो."

वहिनी त्यांच्या टेबलाशी होत्या. त्यांचा हात जस्तावर थांबला. चार दिवसांत पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलल्या. "चौदाही?"

"चौदाही."

त्या उठून वर गेल्या.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

पत्र काल लिहिलं नाही. 'दोष' शब्दापर्यंत येऊन थांबलो.

आज सकाळी चालायला निघालो तर वहिनीही निघाल्या, पिशवी घेऊन, भाजीला. वाटेत चपलेचा बंद सुटला म्हणून त्या मागे राहिल्या. मी पुलाच्या चढापर्यंत पुढे गेलो. मागून हाक आली.

"भावजी! डाव्या हातात काय धरलंय?"

मी वळलो. हात उघडून दाखवला. "काही नाही."

"मग असा का धरलाय?"

"कसा?"

त्या जवळ आल्या. "चला पुढे," म्हणाल्या, आणि मुद्दाम मागे राहून चालल्या. पुलाच्या टोकाला पुन्हा जवळ आल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण स्क्रूचं डोकं तपासताना असतात तसे डोळे होते त्यांचे. "उजवा हलतो," म्हणाल्या. "डावा नाही हलत. पिशवी धरल्यासारखा नुसता बरोबर येतो."

मी हसलो. "वय झालं त्याचं."

"दोघांचं एकच वय आहे, भावजी."

परतताना रंगाच्या दुकानाची लांबलचक काच लागते. तिच्या कडेने चाललो, स्वतःकडे बघत. मी आजवर चारचौघांत असं कधी केलेलं नाही. काचेत एक मध्यमवयीन गृहस्थ चालला होता. उजवा हात पुढे-मागे, अगदी रीतसर. डावा अंगाला चिकटून, कोपरात किंचित दुमडलेला, स्वस्थ. मी त्याला मनातल्या मनात सांगितलं, हल. हलला. तीन पावलं. मग मी दुकानातले रंग बघायला लागलो आणि तो पुन्हा थांबला.

दोन तास चालून सोन्याचं ते वजन जागचं हललं नव्हतं. त्याला झुलवणारं कोणी नव्हतंच.

तेव्हा दोष कुठे आहे ते कळलं. वीस वर्षं चावीची घड्याळं घातली. त्यांनी मला कधी काही विचारलंच नाही.

संध्याकाळी

दोन पत्रं लिहिली. एक दादाने सांगितलेलं. ते फाडलं.

दुसऱ्यात लिहिलं: घड्याळात दोष नाही. धारकाचा डावा हात चालताना हलत नाही, हे आज लक्षात आलं. चाचणी घड्याळाची व्हावी, माझी नव्हे. घड्याळ चालू अवस्थेत काढून डबीत ठेवत आहे. नवा धारक नेमण्याची परवानगी द्यावी.

पाच ओळी. एकही अलंकार नाही. माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत वाईट पत्र.

दादापुढे ठेवलं. त्याने पेन उघडलं. वहिनी बघत होत्या. क्षणभर वाटलं, वाचतो आता. "तू लिहिलंस ना?" म्हणाला. "मग झालं." सही केली. डबीवरून एकदा बोट फिरवलं आणि हात धुवायला गेला.

वहिनींना डोळ्यांनी सांगितलं, इतक्यात नको. त्यांनी डोळ्यांनी सांगितलं, किती दिवस?

१८ ऑक्टोबर, बुधवार

पत्र रवाना. मनगट रिकामं. पट्ट्याचा पांढरा वळ राहिलाय.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

दादा कापायच्या पट्टीची आकृती काढतोय. सारखी काढतो, सारखी खोडतो. मी काय करतो? बसून काल्पनिक पत्रांना उत्तरं लिहितो, म्हणजे टाईपरायटर वाजत राहतो आणि मला बोलावं लागत नाही. डाव्या हाताची बोटं अक्षरं शोधत येतात, वर्गात उशिरा आलेल्या मुलांसारखी एकेक करत. हे कधीपासून? शर्टाचं उजव्या बाहीचं बटण हल्ली वहिनी लावून देतात. मी ते लाडात धरत होतो!

२३ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर आलं.

आलेली पत्रं मी चहाच्या वेळी मोठ्याने वाचतो, ही आमची रीत. दादा डोळे मिटून ऐकतो. टपालवाल्याने पाकीट दादाच्याच हातात दिलं, त्यामुळे सुटका नव्हती. उघडलं. वाचायला लागलो. "आपले दिनांक सतराचे पत्र मिळाले. त्यातील — विनंतीचा विचार करून मंडळ अशी परवानगी देत आहे की —"

"थांब," दादा म्हणाला. डोळे मिटलेलेच. "एक ठोका चुकलास."

"काय?"

"मधलं काहीतरी गाळलंस. ठोका चुकला. पुन्हा वाच."

घड्याळजीच्या घरात राहायचं नसतं.

वाचलं. "त्यातील, धारकाच्या डाव्या हाताच्या हालचालीत आढळलेल्या बिघाडाचे कारण लक्षात घेऊन आपल्या विनंतीचा विचार —"

दादाने डोळे उघडले. "कसली विनंती? आपण अर्ज मागे घेतला ना?"

"सही तुझी आहे."

"मी वाचतो का कधी!"

"वाचा आता," वहिनी म्हणाल्या.

त्याने पत्र घेतलं. भिंग लावून वाचलं, साध्या अक्षरांचं पत्र! मग खुर्ची माझ्याजवळ ओढली. माझं डावं मनगट एका हातात घेतलं, दुसऱ्या हाताने पंजा धरला. आणि डोळे मिटले. चाक आसावर नीट बसलंय की नाही ते बघताना मिटतो तसे. पंजा हळूच वाकवला. पुन्हा सरळ केला. पुन्हा वाकवला.

"सरळ जात नाही," म्हणाला. "टप्प्याटप्प्याने जातंय. दाते लागतायत." पुन्हा. "बारीक आहेत. पण आहेत."

मग उजवं मनगट घेतलं. फार वेळ वाकवत राहिला. "इथे नाहीत," म्हणाला, आणि तेव्हा कुठे श्वास सोडला.

"कधीपासून आहे?"

"माहीत नाही."

"घड्याळाच्या आधी मला सांगायचंस ना, गाढवा!"

"दादा, मला घड्याळानेच सांगितलं."

तो उठला. वहिनींच्या टेबलापर्यंत गेला. जस्ताच्या चौकोनावर उगाच बोट ठेवलं. "कण नव्हता," म्हणाला, भिंतीकडे बघून. मग माझ्याकडे वळून, "पंडित, हिला नीट माफीचं पत्र लिहून दे माझ्याकडून."

"नको," वहिनी म्हणाल्या. "न वाचताच सही कराल."

तिघेही हसलो. जरुरीपेक्षा जास्त वेळ हसलो.

२५ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरांकडे. तिघेही गेलो, जणू मुलगी बघायला.

डॉक्टरांनी मला चालवलं, बोटं आपटायला लावली, मग मनगट धरून वाकवलं. दादा पुढे झुकून बघत होता. राहवलं नाही. "दाते लागतात ना?"

डॉक्टर चमकले. "आपण डॉक्टर आहात?"

"घड्याळजी."

"आमच्या पुस्तकात हाच शब्द आहे," ते म्हणाले. "दातेरी चाकासारखं. विद्यार्थ्यांना ते बोटांना कळायला वर्ष लागतं."

दादाचा चेहरा क्षणभर फुलला. शाबासकीच ती! आणि लगेच कशाबद्दल मिळाली ते लक्षात आलं, आणि तो खिशात रुमाल शोधायला लागला.

पार्किन्सन. सुरुवात आहे. मेंदूत एक द्रव्य कमी पडतं, डॉक्टर सांगत होते. "म्हणजे साठा," दादा म्हणाला. डॉक्टरांनी मान डोलावली. गोळ्या दिवसातून तीन. व्यायाम. "उघडून काही करता येतं का?" हेही विचारून घेतलं त्याने. सध्या नाही, म्हणाले. वहिनींनी गोळ्यांच्या वेळा दोनदा म्हणून पाठ केल्या.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

नवा धारक: टपालवाला! मंडळाची अट एवढीच की तो घडवणारा नको. बाईंनी त्याला शपथ दिली. त्याने हात असा धरला की जणू मनगटावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी आहे. "नेहमीसारखं चालायचं," बाई म्हणाल्या. "बाई, नेहमीसारखं चाललो तर घामाने भिजेल हो!" भिजू दे, दादा म्हणाला.

संध्याकाळी आला तेव्हा साठ्याचा काटा पूर्ण भरलेला. दादाने तबकडी पाहिली, टपालवाल्याच्या पाठीवर थाप मारली, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. इतका आनंद मला दाखवायचा नव्हता त्याला. मीच जाऊन म्हटलं, "हिशेब बरोबर होता तुझा. चौदाही कोपरे शाबूत."

"तू गप्प बस," म्हणाला, आणि माझं डोकं धरून हलवलं, लहानपणी हलवायचा तसं.

६ नोव्हेंबर, सोमवार

टपालवाला रोज टपालाबरोबर वेळही सांगतो. न विचारता. अख्ख्या रस्त्याला.

गोळ्यांनी थोडी मळमळ. वहिनी माझ्याबरोबर चालायला येतात आणि दर दहा पावलांना म्हणतात, "डावा." मी म्हणतो, "हजर."

२० नोव्हेंबर, सोमवार

मिळाला! मंडळाचा ठसा. एकवीस दिवसांत तीन सेकंदांचा फरक.

बाईंनी ठसा मारण्याआधी घड्याळ एकदा उघडलं. वजन काढून उलटं केलं, खिडकीशी नेलं. काळं, पांढरं, काळं, पांढरं. बराच वेळ. "ही आतली झिलई तुमची?" दादाला विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "हिची. पंडित, फॉर्मवर जागा कर."

अकरा फॉर्म मी भरले, 'घडवणारा' या चौकटीत एकच नाव. मला सुचायला हवं होतं. आज दोन लिहिली. वहिनी म्हणाल्या, "शाई फुटली तुमची." शाई फुटली नव्हती. त्यांना चष्मा पुसायचा होता.

बाई गेल्यावर दादाने टेबल आवरलं. कोरा पितळी पत्रा काढला, पुढच्या घड्याळाचा. कंपासने पहिलं वर्तुळ मारलं.

"आता असंच, पण आणखी पातळ?" मी विचारलं. "सगळे मागे लागतील, हेच पुन्हा करा म्हणून."

"हे पुन्हा नाही. पुढचं चावीचं करतोय."

"का? इतकं जमलंय तर!"

त्याने फुंकर मारून पितळेची पूड उडवली. "मला मनगट बदलायचं नाही," म्हणाला.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

चावी उजव्या हाताने द्यावी लागते.

त्या दिवशी डॉक्टरांकडून निघताना छत्री राहिली म्हणून मी एकटा आत गेलो होतो. छत्री नेलीच नव्हती. विचारलं, उजवा? ते म्हणाले, "बहुधा तोही येतो. वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. नक्की नाही सांगता येत."

दादाला सांगितलेलं नाही, वहिनींनाही नाही. त्याच्या घड्याळाला दीड वर्ष लागेल. मला भीती वाटते.